गिअर कोण बदलणार?

धाटावच्या नाक्यावर संध्याकाळी उभे राहा. पाचदहा मिनिटांत किती मालगाड्या जातात ते मोजा. काही गाड्यांवर पोती असतात. काही टँकर असतात. औद्योगिक वसाहतीतला माल घेऊन त्या कोलाडला जातात आणि तिथे मुंबई-गोवा महामार्गाला लागतात. मुंबईकडे जाणाऱ्या गाडीला सुकेळी खिंड ओलांडावी लागते. पुण्याला जाणारी गाडी वाकण फाट्यावरून पाली, खोपोली करीत बोरघाट चढते. गोव्याकडे जाणाऱ्या गाडीच्या वाटेत कशेडीचा डोंगर येतो. तिथे आता बोगदाही झाला आहे. म्हणजे आपल्याकडून निघालेल्या गाडीला कुठेही जायचे असो, चढउतार चुकत नाही.

आणि चढउतार आला की गिअर आला.

आमच्या रात्रीच्या वर्गात एक गृहस्थ येतात. लहानपणी माझ्याच शाळेत होते. चौथीतून शाळा सुटली. गाडीवर क्लीनर म्हणून गेले. पुढे ड्रायव्हर झाले. आज पन्नाशी उलटली आहे. गाडी चालवायला हात बसलेला, पण वाचायला अडत होते, म्हणून वर्गात येऊ लागले. त्यांचा पुतण्याही ड्रायव्हर व्हायचे म्हणतो.

एके रात्री वर्ग सुटल्यावर काका-पुतणे दोघेही थांबले. काका म्हणाले, "गुरुजी, शेठनी नवी गाडी घेतलीय. आपोआप गिअर बदलणारी. क्लचच नाही तिला! मला म्हणतात, तूच चालव. मी नाही म्हणून सांगितलं. तीस वर्षं हातानं गिअर टाकले. आता मशीन टाकणार, तर मी तिथं बसून करू काय?"

पुतण्या म्हणाला, "गुरुजी, काकांचा डावा गुडघा रात्रभर दुखतो. तरी ऐकत नाहीत. आणि मी म्हणतो, मी तीच गाडी शिकतो, तर म्हणतात, ती शिकून कुणी ड्रायव्हर होत नाही."

दोघांनी मला न्याय करायला सांगितले. आता मी मास्तर माणूस. गाडी चालवत नाही. पण दातेरी चाकांचे गणित मुलांना पुष्कळ वर्षे शिकवले. बाकीचे मी नाक्यावरच्या एका जाणत्या मिस्त्रीकडून समजून घेतले. जे समजले ते तुम्हालाही सांगतो. मग न्याय तुम्हीच करा.

गिअर कशासाठी?

बैलगाडी चढाला लागली की बैल पाऊल आखूड टाकतो, मान खाली घालतो आणि जोर लावतो. सपाटीला आला की लांब टांगा टाकतो. बैलाला हे सांगावे लागत नाही.

इंजिनाला हे जमत नाही. इंजिन ठराविक वेगाने फिरत असेल तरच त्याला ताकद असते. फार हळू फिरवले तर ते धापा टाकते आणि बंद पडते. फार जोरात फिरवले तर डिझेल जाते आणि इंजिन झिजते. चाकांना मात्र कधी हळू पण जोराने फिरायचे असते, कधी भरभर पण कमी जोराने. इंजिन आणि चाके यांच्यामध्ये कुणीतरी मध्यस्थ हवा. तो मध्यस्थ म्हणजे गिअरबॉक्स. गिअरबॉक्स म्हणजे लहानमोठ्या दातेरी चाकांची पेटी.

अलिबागकडच्या वाड्यांमध्ये विहिरीवर रहाट असत. जुन्या माणसांनी ते पाहिले असतील. एक दातेरी चाक दुसऱ्या दातेरी चाकाला फिरवते. आता हिशेब करा. लहान चाकाला 10 दात आहेत. मोठ्या चाकाला 30 दात आहेत. लहान चाक तीन वेळा फिरेल तेव्हा मोठे चाक एकदा फिरेल. वेग तिसऱ्या हिश्श्यावर आला. पण जोर तिप्पट झाला. थोडासा जोर घासण्यात जातो, तो सोडून द्या. वेग द्यायचा आणि जोर घ्यायचा, असा हा सौदा आहे.

पहिला गिअर म्हणजे जास्त जोर, कमी वेग. वरचा गिअर म्हणजे जास्त वेग, कमी जोर. अवजड गाडीत पहिल्या गिअरला इंजिन सहा-सात वेळा फिरते, तेव्हा गिअरबॉक्समधून बाहेर पडणारा दांडा एकदा फिरतो. म्हणूनच भरलेली गाडी जागेवरून हलते. मोटारीला पाच गिअर पुरतात. अवजड गाडीला सहा, नऊ, बारा असे गिअर असतात, कारण ओझे मोठे.

क्लच म्हणजे काय?

घरातले जाते आठवा. वरची तळी आणि खालची तळी. क्लचमध्येही अशाच दोन चकत्या समोरासमोर असतात. एक इंजिनाकडची, दुसरी गिअरबॉक्सकडची. दोन्ही घट्ट दाबल्या की बरोबर फिरतात आणि इंजिनाचा जोर पुढे जातो. डाव्या पायाने क्लच दाबला की चकत्या सुटतात. इंजिन एकटेच फिरत राहते. तेवढ्या वेळात ड्रायव्हर गिअर बदलतो. मग पाय हळूच सोडतो.

हे पायाचे सोडणे फार महत्त्वाचे. झटकन सोडला तर गाडी धक्का खाते. अर्धा दाबून ठेवला तर चकत्या घासतात, जळका वास येतो. नव्या ड्रायव्हरच्या गाडीला हा वास हमखास येतो!

टाटा कंपनीने 1954 साली जर्मनीच्या डेमलर-बेंझ कंपनीशी करार करून जमशेदपूरला मालगाड्या बांधायला सुरुवात केली. जुनी माणसे त्या गाड्यांना अजून मर्सिडीज म्हणतात. जुन्या काळच्या गाड्यांवर 'डबल क्लच' मारावा लागे. एकदा क्लच दाबून गिअर मोकळा करायचा, क्लच सोडायचा, खालचा गिअर हवा असेल तर थोडी रेस द्यायची, पुन्हा क्लच दाबून गिअर टाकायचा. आवाजावरून अंदाज घ्यायचा. काका हे सारे कानाने शिकले. त्यांना त्याचा अभिमान आहे, आणि तो रास्त आहे.

पण त्याची किंमत गुडघ्याने दिली. समजा, एका खेपेत क्लच 500 वेळा दाबावा लागला. महिन्यात 20 खेपा धरा. 10,000 वेळा झाला. वर्षाचा आकडा तुम्हीच काढा, आणि मग त्याला 30 ने गुणा.

आपोआप म्हणजे कसे?

लोक 'ऑटोमॅटिक' म्हणतात, पण त्यात दोन निरनिराळ्या जाती आहेत.

पहिली जात अशी. घरात दोन पंखे समोरासमोर ठेवा. एकच चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागेल. आता वाऱ्याच्या जागी तेल आहे असे समजा. एक पंखा इंजिन फिरवते, तो तेल ढकलतो आणि तेल दुसऱ्या पंख्याला फिरवते. इथे चकत्यांचा क्लच लागत नाही. गाडी लोण्यासारखी सुटते. अमेरिकेत जनरल मोटर्स कंपनीने 1939 साली तेलाच्या जोडणीची आपोआप गिअरपेटी मोटारीत बसवून विकायला काढली. आज ही जात शहरातल्या पुष्कळ बसगाड्यांत आणि खाणीतल्या मोठ्या डंपरांत दिसते. जिथे पावलोपावली थांबायचे आणि निघायचे, तिथे ती बरी. पण तेल घुसळण्यात थोडी ताकद वाया जाते आणि किंमतही जास्त असते.

दुसरी जात म्हणजे शेठच्या नव्या गाडीची. हिच्यात गिअरबॉक्स जुनाच आहे. दातेरी चाके तीच. क्लचच्या चकत्याही त्याच. काका म्हणतात, "क्लचच नाही." हे खरे नाही. क्लच आहे, क्लचचा पेडल नाही. पूर्वी जे काम पाय आणि हात करीत, ते आता दाबलेल्या हवेने चालणारे दट्टे करतात. अवजड गाडीत ब्रेकसाठी हवेची टाकी असतेच. तीच हवा इथेही उपयोगी पडते. कधी गिअर टाकायचा हे एक छोटा संगणक ठरवतो. इंजिन किती फिरते, गाडी किती वेगात आहे, ड्रायव्हरने रेस किती दिली, हे तो सारखे मोजत असतो.

स्वीडनच्या व्होल्वो कंपनीने 2001 साली अशी गिअरपेटी आपल्या मालगाड्यांत आणली. युरोपात आता लांब पल्ल्याच्या बहुतेक नव्या गाड्या अशाच असतात. आपल्या देशात 2014 साली मारुतीच्या एका लहान मोटारीत ही पद्धत आली आणि लोकांना माहीत झाली. आता टाटा, अशोक लेलँड, भारतबेंझ यांच्या काही अवजड गाड्यांतही ती मिळते. तरी रस्त्यावर अजून हाताच्या गिअरच्या गाड्याच जास्त दिसतात.

नफा कोणता, तोटा कोणता?

आधी नफा सांगतो. पाय दुखत नाही. लक्ष रस्त्यावर राहते. चढावर गिअर चुकण्याची भीती कमी होते. क्लच जळत नाही, कारण यंत्र तो अर्धवट दाबून ठेवीत नाही. कच्च्या ड्रायव्हरच्या हातात डिझेलही वाचते. टँकरला आणखी एक फायदा आहे. अर्धा भरलेला टँकर म्हणजे चालता हिंदकळणारा हंडा. गिअर बदलताना धक्का बसला की आतला माल पुढेमागे उसळतो आणि गाडीला ढकलतो. गिअर अलगद बदलला तर हे हिंदकळणे कमी होते.

आता तोटा. गाडीची किंमत जास्त. बिघाड झाला तर नाक्यावरच्या मिस्त्रीचा पाना पुरत नाही. कंपनीचा माणूस त्याचे यंत्र घेऊन यावा लागतो. आडरानात गाडी अडली तर दिवस जातो. बॅटरी उतरली तर धक्का मारून गाडी सुरू करता येत नाही. आणि काकांसारखा कसलेला ड्रायव्हर असेल तर डिझेलमध्ये फारसा फरक पडत नाही. तो स्वतःच संगणकाइतका हिशेबी असतो.

एक चूक मात्र आपोआप गाडीत पुष्कळ जण करतात. चढावर गाडी थांबली की ब्रेक लावायच्या ऐवजी थोडी थोडी रेस देऊन गाडी तिथेच धरून ठेवतात. तेव्हा आत क्लच घासतच असतो. पेडल दिसत नाही म्हणून कळत नाही. चढावर थांबलात तर ब्रेकच लावा.

उताराची गोष्ट

आता सगळ्यात महत्त्वाचे सांगतो. इथे नीट लक्ष द्या. इथे जिवाशी गाठ आहे.

चढावर गाडी अडली तर फार तर खोळंबा होतो. उतारावर गाडी सुटली तर माणसे मरतात. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी सुमारे 500 मीटर खाली येते. समजा, भरलेल्या गाडीचे वजन 28 टन आहे. एवढे ओझे एवढे खाली आणताना जी ताकद आवरावी लागते, ती सगळी ब्रेकने आवरली तर किती उष्णता होईल? साडेचारशे लिटर थंड पाण्याला उकळी येईल इतकी. म्हणजे दोन मोठी पिंपे भरून उकळते पाणी! एवढी धग काही मिनिटांत ब्रेकला सोसायची असते. ब्रेक लालबुंद होतात. मग दाबले तरी धरत नाहीत. लोक म्हणतात, ब्रेक फेल झाला. पुष्कळदा ब्रेक आपोआप फेल होत नाही, आपण त्याला भाजून काढलेला असतो.

यावर उपाय इंजिनाचा. गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवली आणि रेसवरून पाय काढला की चाकेच इंजिनाला फिरवू लागतात. इंजिन सहज फिरत नाही, ते अडवते. गाडी आवरली जाते. शिवाय बऱ्याच गाड्यांत धुराच्या नळीत एक झडप असते. ती बंद केली की इंजिन आणखी अडवते. तिला एक्झॉस्ट ब्रेक म्हणतात. जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरने घाट चढाल त्याच गिअरने उतरा. हे शब्द सोन्यासारखे आहेत.

पण काही जण उलटे करतात. डिझेल वाचावे म्हणून उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकतात. कुणी तर इंजिनच बंद करतो. यात डिझेल वाचत नाही, हे मिस्त्रीने मला समजावून दिले. गाडी गिअरमध्ये असताना रेसवरून पाय काढला की इंजिनाला जाणारे डिझेल तुटते; चाकेच त्याला फिरवीत असतात. उलट न्यूट्रलमध्ये इंजिनाला स्वतः फिरत राहावे लागते, म्हणून ते डिझेल पिते. आणि इंजिन बंद केले तर? ब्रेकची हवा भरणारा पंप थांबतो. दोनचारदा ब्रेक दाबले की टाकीतली हवा उतरते. स्टिअरिंगही जड होते. मग हातात काय राहिले?

20 नोव्हेंबर 2022 रोजी पुण्याजवळ नवले पुलाच्या उतारावर एका मालगाडीने पुढच्या कित्येक गाड्यांना चिरडत नेले. ब्रेक फेल झाला असे आधी सगळ्यांना वाटले. पुढे पोलिसांनी सांगितले की उतारावर गाडी गिअरमध्ये न ठेवताच सोडली होती. शेदोनशे रुपयांच्या डिझेलसाठी केवढा हा खेळ!

आता तुम्ही विचाराल, आपोआप गाडीत ही भीती नाही ना? आहे. यंत्राला गाडीचा वेग कळतो. काही गाड्यांत चढउतार आणि वजनही कळते. पण पुढच्या वळणामागे उतार आहे, तिथे गाड्या तुंबल्या आहेत, हे त्याला दिसत नाही. त्याच्यावर सोडले तर ते उतारावर वरचा गिअर टाकू शकते. म्हणून घाट सुरू व्हायच्या आधीच ड्रायव्हरने दांडी हाताच्या खुणेवर आणून खालचा गिअर धरायचा असतो आणि इंजिनाचा ब्रेक लावायचा असतो. यंत्र गिअर टाकून देईल. कुठला टाकायचा हे घाटात माणसानेच ठरवायचे.

अक्षरांची गाठ

नव्या गाडीत दांडीजवळ इंग्रजी अक्षरे लिहिलेली असतात. 'एन' म्हणजे न्यूट्रल, 'डी' म्हणजे पुढे, 'आर' म्हणजे मागे. 'ए' म्हणजे आपोआप आणि 'एम' म्हणजे हाताने. कंपनीप्रमाणे खुणा थोड्या बदलतात. समोरच्या काचेवर काही सूचनाही उमटतात. जुन्या गाडीत कानाने भागत असे. नव्या गाडीत डोळ्याने वाचावे लागते.

परवान्याचेही ऐका. मालगाडीच्या परवान्यासाठी आठवी पास असण्याची अट होती. ती केंद्र सरकारने 2019 साली काढून टाकली. पुष्कळांची सोय झाली. पण धोकादायक रसायने वाहणाऱ्या ड्रायव्हरचा नियम वेगळा आहे. त्याला एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता आले पाहिजे, आणि तीन दिवसांचे शिक्षण घेऊन दाखला मिळवला पाहिजे. हे केंद्रीय मोटार वाहन नियमांत लिहिले आहे. धाटावसारख्या गावात, जिथे रसायनांचे टँकर रोज ये-जा करतात, तिथे हा नियम काही कागदापुरता नाही. टँकर गळू लागला तर काय करायचे, कुणाला कळवायचे, पाणी मारायचे की नाही, हे केबिनमधल्या कार्डावर लिहिलेले असते. ते कार्ड वाचता आले नाही तर ते असून नसून सारखेच.

मग ठरले काय?

हे सगळे मी काका-पुतण्यांना सांगितले. काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे गुरुजी, उतारावर ती गाडी मलाच विचारणार?"

मी म्हणालो, "तुलाच विचारणार. तीस वर्षं कानात जे साठवलंस, ते वाया जात नाही. फक्त गुडघ्याला सुट्टी."

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी नवी गाडी घेतली. पुतण्याला मात्र त्यांनी सांगितले, "तू आधी जुन्या गाडीवर शीक. गिअर का टाकतात ते कळू दे. मग खुशाल यंत्राला टाकू दे." मला हे पटले. बेरीज-वजाबाकी आल्यावर हिशेबाचे यंत्र वापरावे, तसेच हे.

परवा वर्गात काका इंग्रजी मुळाक्षरे गिरवत होते. 'आर' हे अक्षर त्यांनी चार वेळा काढले. मी विचारले, "हेच का?" तर म्हणाले, "गुरुजी, हे चुकलं तर गाडी मागं जाईल ना!"

लक्षात ठेवा

1. खालचा गिअर जोर देतो, वरचा गिअर वेग देतो.
2. आपोआप गाडीतही बहुधा क्लच असतोच. चढावर रेस देऊन गाडी धरू नका, ब्रेक लावा.
3. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकू नका. इंजिन बंद करू नका.
4. घाट उतरण्याआधीच खालचा गिअर धरा. आपोआप गाडीतही धरा.
5. केबिनमधले कार्ड आणि रस्त्यावरची पाटी वाचा. वाचता येत नसेल तर शिका.

विचार करा

तुमच्या घरातले किंवा शेजारचे कोणी गाडीवर आहे का? ते घाट कसा उतरतात, ते त्यांना विचारा. हा धडा त्यांना वाचून दाखवा.